रिळावरचा रंग, काठीवरचा रंग

दादरच्या एका मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाऊजपीस घ्यायला आलेल्या बायकांच्या गर्दीत मी मासे पकडायची काठी घेऊन उभा होतो. चोर बाजारात मिळालेली बांबूची जुनी फ्लाय रॉड. टोंकिन बांबू चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातला; तो उभा चिरून, सहा त्रिकोणी पट्ट्या तासून, चिकटवून ही षटकोनी काठी करतात. दोरी ज्यांतून धावते त्या कड्या रेशमी धाग्याने घट्ट गुंडाळून बसवतात आणि वर वॉर्निश देतात. माझ्या काठीच्या दोन कड्यांचा धागा सुटला होता. बाकीच्यांचा रंग वाळलेल्या आमसुलासारखा.

दुकानदाराने हुबेहूब त्याच रंगाचं रेशमी रीळ काढून दिलं. घरी येऊन गुंडाळलं, वॉर्निशचा हात दिला आणि बघता बघता आमसूल जवळजवळ काळं पडलं.

चूक दुकानदाराची नव्हती. वडापावच्या कागदाला तेल लागलं की तेवढा भाग पारदर्शक दिसतो, तोच हा प्रकार. कागदाच्या तंतूंमध्ये हवा असते. तंतू आणि हवा यांचे अपवर्तनांक, म्हणजे प्रकाशाला वाकवण्याच्या क्षमतेची मापं, वेगळे, त्यामुळे प्रत्येक सीमेवर थोडा प्रकाश परत फिरतो आणि कागद पांढरा दिसतो. तेलाने हवेची जागा घेतली की हा फरक उरत नाही. रेशमाचा अपवर्तनांक साधारण १.५५, वॉर्निशचा १.५च्या आसपास, हवेचा १. गणित केलं तर कोरड्या रेशमाच्या पृष्ठभागावरून सरळ पडलेल्या प्रकाशाचा साडेचार टक्क्यांहून जास्त भाग परततो. वॉर्निशमध्ये बुडालेल्या रेशमावरून जेमतेम ०.०३ टक्के. रिळावर दिसणाऱ्या रंगात ही विखुरलेली पांढरी झाक मिसळलेली असते. वॉर्निश ती काढून घेतं, आणि मागे उरतो नुसता रंग, शिवाय खालचा बांबू. पांढरं रेशीम तर जवळजवळ नाहीसंच होतं!

हे टाळायला काही कारागीर आधी धाग्यावर लाखेचा पातळ थर देतात, म्हणजे वॉर्निश आत मुरत नाही. मुंबईत जुलैमध्ये मात्र हा उद्योग करू नये. दमट हवेत लाखेवर पांढुरकी साय धरते.

जुन्या काठीवर आणखी एक फसगत असते. उन्हाने धाग्याचा रंग उडालेला असतो आणि वॉर्निश पिवळं पडलेलं असतं. मूळ रंग बघायचा तर गुंडाळीखाली ओढून दडवलेलं धाग्याचं टोक सोडवावं. तिथे ऊन फारसं पोचलेलं नसतं. पण दोनच कड्या बदलायच्या असतील तर तो मूळ रंग शोधून काय उपयोग? शेजारच्या उडालेल्या रंगाशीच जुळायला हवं. म्हणून सुटलेले जुने तुकडे मी तरी टाकत नाही.

दुसऱ्या खेपेला मी पाच रिळं घेतली. प्रत्येकाचं टोक जाळून पाहिलं: रेशमाला जळक्या केसांचा वास येतो, पॉलिएस्टर वितळून टणक मणी होतो. चार रेशमी निघाली. निवडताना दुकानदार म्हणाला, “दादा, बाहेर उजेडात बघा.” साडी घेऊन आलेल्या बायकांनाही तो हेच सांगतो, आणि बरोबर सांगतो. दोन रंगद्रव्यं ट्यूबलाइटखाली सारखी दिसली तरी उन्हात वेगळी पडू शकतात, कारण दोन्ही प्रकाशांत तरंगलांबींचं मिश्रण निराळं.

मग बांबूच्या एका चिपेवर चार गुंडाळ्या, वॉर्निशचे दोन हात, आणि चिप दोन दिवस खिडकीत. तिसऱ्या सकाळी काठी शेजारी धरली. जुळलं ते कुंकवाहूनही फिकट लाल रीळ. पहिल्या दिवशी दुकानात मी ते हातानेच बाजूला सारलं होतं.