करंट कमी केला की राख जास्त अडते

औष्णिक वीजकेंद्राच्या चिमणीतून राख पडायला लागली की आसपासच्या गावांत एक तर्क हमखास ऐकू येतो: फिल्टरची जाळी फाटली. तर्क चुकीचा आहे, कारण आपल्या बहुतेक वीजकेंद्रांत जाळी नसतेच. कण अडवायचा तर छिद्र कणापेक्षा लहान हवं, हे पीठ चाळता चाळता आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. इथे राख अडवते ती वीज.

चंद्रपूरचा ५०० मेगावॅटचा एक संच घ्या. पूर्ण भारावर तो दिवसाला अंदाजे ८ हजार टन कोळसा जाळतो. आपल्या कोळशात राखच ३० ते ४५ टक्के, आणि त्यातली बहुतेक काही मायक्रॉनच्या कणांच्या रूपात धुरासोबत उडते. डिसेंबर २०१५ च्या नियमांप्रमाणे चिमणीतून बाहेर पडणाऱ्या घनमीटरभर वायूत, संचाच्या वयानुसार, १००, ५० किंवा ३० मिलिग्रॅमच धूळ चालते. राख अडवणाऱ्या यंत्रणेत येते ती घनमीटरला ४० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे हजार भागांपैकी एखादाच भाग सुटायला परवानगी.

हे काम करते ईएसपी, म्हणजे स्थिरविद्युत अवक्षेपक. इमारतीएवढ्या पेटीत लोखंडी पत्र्यांच्या उंच रांगा, दोन रांगांत ३०-४० सेंटिमीटर अंतर, आणि मधोमध बारीक तारा. तारांना उणे ५० हजार व्होल्टच्या आसपास दाब देतात, पत्रे जमिनीला जोडलेले असतात. तारेलगत क्षेत्र इतकं तीव्र होतं की हवा फुटते, म्हणजे वीजवाहक होते, निळसर उजेड (कोरोना) दिसतो, इलेक्ट्रॉन सुटतात आणि वायूच्या रेणूंना चिकटून ऋण आयन बनतात. हे आयन राखेच्या कणांवर बसतात आणि भारित कण पत्र्याकडे ओढले जातात. ठराविक वेळाने हातोडे पत्र्यावर आपटतात, थर खालच्या हॉपरमध्ये, म्हणजे नरसाळ्यासारख्या टाकीत, पडतो.

ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉज यांनी १८८५ च्या सुमारास वेल्समधल्या शिशाच्या भट्टीवर हीच कल्पना वापरून पाहिली आणि ती फसली. वीज पुरवणारी विमशर्स्ट यंत्रं तोकडी पडली, शिवाय शिशाच्या धुराचा विद्युतरोध फार. पुढे कॅलिफोर्नियात फ्रेडरिक कॉट्रेल यांनी ट्रान्सफॉर्मरचा एसी फिरत्या संपर्कांनी एकदिश केला आणि १९०८ मध्ये पेटंट मिळवलं. लॉज यांची पहिली अडचण सुटली. दुसरी आपल्या वाट्याला आली, आणि मला सगळ्यात आवडतो तो भाग हाच.

कण पत्र्यावर बसला म्हणजे काम संपलं, असं नाही. त्याचा भार राखेच्या थरातून पत्र्यात झिरपायला हवा. त्यासाठी राखेचा रोध साधारण १०¹⁰ ओहम-सेंमीच्या खाली असावा. काही परदेशी कोळशांत गंधक जास्त असतो. त्याच्या ट्रायऑक्साइडपासून कणांवर आम्लाचा पातळ, विद्युतवाहक लेप चढतो. आपल्या कोळशात गंधक जेमतेम अर्धा टक्का, राखेत सिलिका आणि अॅल्युमिना भरपूर, आणि धुराचं तापमान नेमकं १४०-१५० अंशांच्या जवळ, जिथे रोध शिखरावर असतो. तो १०¹² किंवा त्याहून वर जातो.

आता साधा गुणाकार. पत्र्यावर दर चौरस सेंटिमीटरला २० नॅनोअँपिअर करंट येतोय. त्याला रोधाने गुणलं की थरातलं क्षेत्र मिळतं. १०¹⁰ ला ते सेंटिमीटरला २०० व्होल्ट, म्हणजे किरकोळ. १०¹² ला २० हजार व्होल्ट! एवढ्याने थरातल्या फटींमधली हवाच फुटते. पत्र्याच्या बाजूनेही कोरोना सुरू होतो. त्याला बॅक कोरोना म्हणतात. त्यातून धन आयन उलटे निघतात आणि समोरून येणाऱ्या ऋण कणांचा भार खोडून टाकतात. पॅनलवर करंट भरभक्कम दिसतो, व्होल्टेज घसरलेलं असतं आणि चिमणी धुरकट होते. अशा वेळी करंट वाढवला की अवस्था आणखी बिघडते.

उपाय मजेशीर आहे. सतत वीज द्यायची नाही. ५० हर्ट्झच्या एसीत दर १० मिलिसेकंदांनी एक अर्धचक्र येतं. थायरिस्टरने, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचने, तीन, पाच किंवा सात अर्धचक्रांतलं एकच आत सोडायचं. कणांना भार मिळतो उच्च व्होल्टेजच्या शिखरामुळे, ते शाबूत राहतं. राखेच्या थराची विद्युत-स्मृती, म्हणजे थरात भार टिकून राहण्याचा काळ, मात्र रोध गुणिले विद्युतशीलता (पर्मिटिव्हिटी) एवढी, म्हणजे १०¹² च्या राखेत सेकंदाच्या तीन दशांशाजवळ. दोन ठोक्यांमधल्या काळापेक्षा ती मोठी, म्हणून थराला सरासरी करंटच कळतो, आणि तो आता बराच कमी झालेला असतो. अर्धचक्रांची संख्या विषम का? लागोपाठचे ठोके उलट दिशांचे यावेत, नाहीतर ट्रान्सफॉर्मरचा गाभा एकाच बाजूला चुंबकित होऊन संपृक्त होईल. वीजही वाचते.

बाकी बिघाड रटाळ असतात, पण संच त्यांनीच अडतो. हॉपर वेळेवर रिकामा झाला नाही की राख तारांपर्यंत चढते आणि ते फील्ड, म्हणजे ईएसपीचा तो कप्पा, शॉर्ट होतं. एखादी तार तुटून पत्र्याला टेकली तरी तेच. इन्सुलेटरचा हीटर बंद पडला की पोर्सिलीनवर ओल धरते, ओलीवर राख बसते आणि त्यातून वीज वाट काढते. खंडेनवमीला पॅनलला हार जरूर घाला, पण वर लिंबू-मिरची टांगण्यापेक्षा हॉपरचा पातळी-दर्शक चालतोय का ते पाहिलेलं बरं. आणि गळ्यात घालायची 'आयनवाली' लॉकेटं याच तत्त्वावर खोलीची हवा शुद्ध करतात म्हणे! हजारो चौरस मीटर पत्रा आणि ५० हजार व्होल्ट कुठे, आणि ते बटणाएवढं डबडं कुठे.

काही ठिकाणी धुरात मुद्दाम अमोनिया किंवा सल्फर ट्रायऑक्साइड सोडून राखेचे गुण बदलतात. पण कोळसा दुसऱ्या खाणीतून आला किंवा त्यात आयात कोळसा मिसळला, की रोध बदलतो आणि कालचं अर्धचक्रांचं गुणोत्तर आज चुकीचं ठरतं. म्हणून नवे नियंत्रक मधूनमधून करंट थोडा वाढवून बघतात. व्होल्टेज वाढण्याऐवजी पडलं, तर मागे येतात.