फिकट राखाडी रंग कुठेही सारखाच शोभतो, हा गैरसमज

फिकट राखाडी रंग निवडला की चुकण्याचा धोका नाही, तो कोणत्याही खोलीत आणि कोणत्याही फर्निचरबरोबर सारखाच शोभतो, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. हे खरे नाही. बाजारातील बहुतेक राखाडी रंगांत निळ्या, हिरव्या, जांभळ्या किंवा पिवळसर रंगद्रव्याचा अंश असतो. लहानशा शेडकार्डवर तो जाणवत नाही. चारही भिंती रंगवल्यावर मात्र एका भिंतीवरून परावर्तित झालेला प्रकाश दुसरीवर पडत राहतो आणि ती झाक अधिक ठळक होते.

प्रकाशाचा परिणाम याहूनही मोठा असतो. उत्तर गोलार्धात उत्तरेकडच्या खिडकीतून वर्षातील बहुतेक काळ थेट ऊन येत नाही, आकाशाचा निळसर उजेडच येतो, त्यामुळे निळी झाक असलेला राखाडी तिथे थंड, प्रसंगी उदासही वाटतो. तीच भिंत रात्री २७०० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली मातकट दिसू शकते. शिवाय तांबूस लाकडाशेजारी हाच रंग किंचित हिरवट भासतो, कारण शेजारचा रंग आपल्या विरुद्ध छटेचा आभास निर्माण करतो.

यासाठी राखाडी रंग टाळण्याचे काहीच कारण नाही, तो खरोखरच सुंदर दिसू शकतो. शेडकार्ड आधी कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवावे, म्हणजे लपलेली झाक उघड होते. नंतर किमान दोन फूट लांबी-रुंदीचा नमुना दोन हात देऊन वेगवेगळ्या भिंतींवर रंगवावा आणि सकाळी, दुपारी व दिव्याच्या उजेडात, फरशी आणि लाकूड नजरेसमोर ठेवून पाहावा.