गोल भिंत, स्लॅब आणि ‘जॉइन’चा घोळ

गोल जिन्याचा किंवा गोल बाल्कनीचा बंगला हाती आला की बेळगावच्या ड्रॉइंग ऑफिसांत एक दुखणे ठरलेले असते. थ्रीडी मॉडेलमध्ये स्लॅबची कड भिंतीतून दात काढल्यासारखी बाहेर येते, नाहीतर दोघांच्या मध्ये बारीक फट राहते.

संगणकावरच्या वक्ररेषांचे गणित 1960 च्या आसपास फ्रान्समधल्या दोन मोटार कारखान्यांत आकाराला आले. घनाकार एकमेकांतून वजा करायचे किंवा एकत्र करायचे तंत्र त्यापुढच्या दशकातले. खरे तर उभ्या गोल भिंतीला एवढ्या जड गणिताची गरजच नव्हती. आडव्या स्लॅबने ती कापली तर साधे वर्तुळच मिळते.

साइटवर हा प्रश्न कधी नव्हता. मेस्त्री मधोमध खुंटी ठोकतो आणि दोरी फिरवून गोलाई आखतो. भिंत त्याच खुंटीवरून, वरच्या स्लॅबची कडही ओळंब्याने त्याच खुंटीवरून. 1982 साली ऑटोकॅड हे संगणकावर नकाशे काढायचे सॉफ्टवेअर आले तेव्हाही अडचण नव्हती, कारण प्लॅनमध्ये भिंतीच्या दोन कमानी काढायच्या आणि स्लॅबची जाडी बाजूला लिहायची, एवढेच काम होते. थ्रीडी आले आणि खुंटी हरवली. भिंत एकाने काढली, स्लॅबची कड दुसऱ्याने तीन बिंदूंवरून अंदाजाने ओढली. दोघांचे केंद्र दोन-चार मिलिमीटर सरकले तरी कडा जुळत नाहीत.

2000 साली स्केचअप हे थ्रीडी मॉडेलचे सॉफ्टवेअर आले आणि 2006 मध्ये त्याची फुकट आवृत्ती निघाली. त्यात वर्तुळ हे वर्तुळ नसतेच, मुळात 24 सरळ तुकडे असतात. 3 मीटर त्रिज्येच्या भिंतीला प्रत्येक तुकड्याच्या मध्यावर खऱ्या गोलाईपासून सुमारे 26 मिलिमीटरची तूट पडते, म्हणजे बाहेरच्या गिलाव्यापेक्षाही जास्त! भिंत 24 तुकड्यांची आणि स्लॅब 36 ची झाली की दात आलेच. तुकडे 96 केले तर तूट दीड-पावणेदोन मिलिमीटरवर येते. मात्र दोन्हीकडे आकडा सारखाच ठेवावा लागतो, आणि तो आकार ओढण्याआधीच.

इमारतींच्या मॉडेलसाठीच बनवलेल्या सॉफ्टवेअरपैकी आर्किकॅड 1984 पासूनचे, रेव्हिट 2000 चे. यांत कमान खरी कमान असते आणि स्लॅबची कड थेट भिंतीवरून उचलता येते. तरी वाद मिटला नाही, कारण तोवर ‘जॉइन’ हा शब्द येऊन बसला होता.

या शब्दाने जेवढा गोंधळ घातला तेवढा भूमितीने घातला नाही. साइटवर ‘जॉइंट’ म्हणजे काँक्रीट ओतणे जिथे थांबले ती जागा, उद्या जिथून पाणी झिरपेल ती. भिंतीला ‘गोडे’ म्हणणारा कानडी सेंट्रिंगवालाही जॉइंटचा हाच अर्थ धरतो. सॉफ्टवेअरमधले ‘जॉइन’ म्हणजे एकमेकांत घुसलेल्या दोन वस्तूंपैकी एकीचा घुसलेला भाग कापणे. रेव्हिटमध्ये स्लॅब पूर्ण करताना तो भाग भिंतीतून कापायचा का, असे विचारले जाते. बहुतेक जण न वाचताच ‘हो’ म्हणतात. 2013 च्या आर्किकॅडने यावर प्रत्येक मटेरियलला प्राधान्याचा आकडा दिला: मोठा आकडा छोट्याला कापतो. कल्पना चांगली, पण आकडा ठरवायचा कुणी?

खरा प्रश्न कुणी कुणाला कापायचे हा आहे. थंड देशांत बाहेरचे आवरण अनेकदा स्लॅबच्या पुढून सलग वर जाते, म्हणून पायापासून छतापर्यंत एकच भिंत ओढायची सवय तिथे खपते. खानापूरकडच्या चिऱ्याच्या घरात स्लॅब भिंतीवर टेकतो. बेळगावच्या आरसीसी इमारतीत तो बाहेरच्या कडेपर्यंत जातो आणि वीट मजल्या-मजल्याच्या मध्ये भरली जाते. दोन्हीकडे स्लॅब सलग, भिंत तुटक. मग मॉडेलमध्ये भिंत सलग का? भिंत तोडली तर रेंडरमध्ये, म्हणजे मॉडेलवरून काढलेल्या फोटोसारख्या चित्रात, स्लॅबच्या पातळीवर रेघ दिसते, असे उत्तर मिळते. मालकाला चित्र दाखवायचे असते हे मान्य, पण चित्रासाठी बांधकाम खोटे काढायचे हे पटत नाही.

हिशेबातही फरक पडतो. 3 मीटर त्रिज्येची पाव वर्तुळ भिंत 230 मिलिमीटर जाड आणि स्लॅब 125 चा असेल, तर न कापल्यास दर मजल्याला जवळपास 0.135 घनमीटर माल विटांतही मोजला जातो आणि काँक्रीटमध्येही.

अलीकडे काही जण गिलावा वेगळ्या पातळ भिंतीने काढतात. आतली वीट मजल्यागणिक तुटते, बाहेरचा 20 मिलिमीटरचा पापुद्रा सलग वर जातो आणि रेघही झाकली जाते. काम वाढते, कारण वीट, गिलावा आणि स्लॅबची कड यांच्या कमानी एकाच केंद्रावर बसवाव्या लागतात. त्यासाठी आधी प्लॅनमध्ये केंद्राचा बिंदू टाकून तो लॉक करतात आणि मगच पहिली भिंत ओढतात.