दोन महिन्यांची थंडी आणि अर्धी राहिलेली गोधडी

मुंबईत थंडीसाठी गोधडी लागते असं म्हणणं जरा धाडसाचंच. सांताक्रूझला पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता तो २२ जानेवारी १९६२ रोजी. एरवी तो १५-१६ वर आला तरी लोकलमध्ये मफलरी दिसू लागतात. असं असूनही घराघरांत अडकून पडलेली गोधडी आणि क्रोशाचं काम पुढे सरकतं ते डिसेंबर ते फेब्रुवारीतच. त्याचं कारण गारठ्यात कमी आणि कोरड्या हवेत जास्त आहे.

सुती कापड हवेतली ओल पिऊन घेतं. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास असेल तर कापसात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण ८ टक्के पाणी असतं, आणि पावसाळ्यात ते बरंच वाढतं. एकेरी लुगडं दांडीवर कसंबसं वाळतं. चार-सहा पदर एकत्र टाचले की आतले पदर ओलसरच राहतात. त्यात जुन्या लुगड्याला खळ असेल तर बुरशीचे काळे ठिपके आणि कसर दोन्ही ठरलेलं. म्हणून गोधडीचं कापड आधी कोमट पाण्यात भिजवून खळ पूर्ण काढायची आणि कडक उन्हात दोन दिवस वाळवायचं. असं ऊन आणि अशी हवा एकत्र मिळते ती थंडीतच. ऑक्टोबरात ऊन असतं, पण घामेजलेल्या बोटांत सुई ठरत नाही.

गंमत अशी की याच दमट हवेमुळे मुंबईत सूतगिरण्यांचं फावलं. ओलसर हवेत सूत कमी तुटतं. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी काढली, ताडदेवची त्यांची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली आणि पुढे लालबाग-परळचा गिरणगाव उभा राहिला. गिरणीच्या सुताला मानवणारी हवा गिरणी कामगाराच्या अंथरुणाला मात्र नडली.

ते अंथरूण बहुतेक वेळा गावाहून आलेलं असे. घाटावरून येणाऱ्याच्या वळकटीत वाकळ, कोकणातून येणाऱ्याच्या वळकटीत गोधडी. नावं दोन, पण माप ठरलेलं, आणि ते मोजपट्टीने नव्हे, लुगड्याने ठरवलेलं. नऊ वार म्हणजे २७ फूट. लुगडं लांबीत चौपदरी घातलं की ६ फूट ९ इंचांचं अंथरूण तयार होतं, आणि रुंदीला कापडाचा पन्हा, म्हणजे साधारण ४५ इंच. कात्री लावायची गरजच नाही. खालीवर चांगली लुगडी आणि मधे विरलेली धोतरं, परकर, कटपीस असा भरणा घालायचा. हे गणित किती चपखल आहे ते सहावारी आल्यावर कळलं. सहावारीचे १८ फूट तिपदरी घातले तर जेमतेम ६ फूट भरतात. उंच माणसाचे पाय बाहेर, किंवा मग जोड आला.

आता घालायची कुठे? १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. एकेरी गोधडी पसरली की २५ चौरस फूट, म्हणजे खोलीचा जवळपास सहावा हिस्सा, तिथेच गेला. पावसाळ्यात गॅलरी ओली, उन्हाळ्यात गच्ची तापलेली. थंडीत मात्र दुपारची गच्ची सगळ्यांची. कच्चे टाके तिथेच घालून घेतले की पुढचं काम घडी मांडीवर घेऊन खोलीत करता येई.

आजही बिघडतं ते याच कच्च्या टाक्यांच्या पायरीवर. पदर सारखे करून, मधून कडेकडे हात फिरवत, वीतभर अंतरावर लांब टाके घालायचे असतात. ते टाळून थेट कडेने धावदोरा सुरू करून आत आत आलं की सगळा सैलपणा मधे जमतो आणि शेवटी फुगा येतो. तो दाबून शिवला की कायमची चुणी. त्यावर उसवण्याखेरीज इलाज नाही, आणि उसवायला कुणी तयार नसतं. कपाटात अर्धवट पडलेल्या गोधड्यांपैकी पुष्कळ या फुग्यापाशीच थांबलेल्या असतात.

कामाचा अंदाज मात्र नेमका बांधता येतो. बोटभर, म्हणजे २ सेंटीमीटर अंतराने ओळी घेतल्या तर ४५ इंचांत सुमारे ५७ ओळी येतात. एक ओळ दोन मीटरहून थोडी मोठी. वरखाली जाण्यात लागणारा दोरा धरून १३० मीटर, दुहेरी ओवला तर २६०. एका बैठकीत तीन ओळी झाल्या तर १९ बैठका. डिसेंबरच्या मध्यावर बसलं आणि मधे आठवडाभर खाडे झाले तरी संक्रांतीच्या पुढेमागे कड दुमडायला येते.

टेरिलीन, पॉलिएस्टर आल्यावर हा हिशेब बिघडला. पॉलिएस्टर अर्धा टक्काही ओल धरत नाही आणि आटत नाही. सुती पदर मात्र पहिल्या धुण्यात आटतो. दोन्ही एकत्र शिवले तर आठवड्याने गोधडी धुतल्यावर आठ्या पडतातच. शिवाय गुळगुळीत साडी आतल्या आत सरकते. नायलॉन, जॉर्जेट दिसायला सुरेख, पण घाम टिपत नाही. ती भरण्यातही नको.

क्रोशाची वाट निराळी, तरी तीही फिरून इथेच येते. कच्छ-गुजरातचे मोची आरीने, म्हणजे टोकाला आकडी असलेल्या सुईने, साखळीटाक्याचं भरतकाम करत. अठराव्या शतकात असं भरतकाम युरोपात फ्रेमवर ताणलेल्या कापडावर होऊ लागलं. पुढे खालचं कापडच गेलं, साखळी अधांतरी विणली जाऊ लागली आणि क्रोशे जन्मलं, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. १८४५ नंतरच्या दुष्काळात आयर्लंडच्या मठांनी ते पोटापाण्याचं साधन केलं. मिशनऱ्यांबरोबर ते भारतात आलं. आंध्रातल्या नरसापूरला त्यावर अख्खा धंदा उभा राहिला. मुंबईत ते मिशनच्या शाळांतून आणि १९०८ साली निघालेल्या सेवासदनासारख्या संस्थांच्या शिवण-भरतकामाच्या वर्गांतून मध्यमवर्गीय घरांत शिरलं. लोकर इथे फारशी कामाची नव्हती, म्हणून सुती दोऱ्याचं तोरण, रुमाल आणि थालपोश.

मराठीने या टाक्यांना दिलेली नावं इंग्रजीपेक्षा सरस आहेत: साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब. ब्रिटिश पुस्तकातलं ‘डबल क्रोशे’ म्हणजे अमेरिकन व्हिडिओतलं ‘सिंगल क्रोशे’. दोन्ही म्हणजे आपला मुका खांब. आजीच्या जुन्या ब्रिटिश पुस्तकावरून सुरुवात करून पुढे अमेरिकन व्हिडिओ पाहिला की अर्धा रुमाल एका उंचीचा आणि अर्धा दुसऱ्या. मुका खांब मुकाच राहतो.

थंडीचा फायदा क्रोशाला दोऱ्याच्या ताणात होतो. दमट हवेत दोरा आकडीवर घासून अडतो, हात नकळत घट्ट विणतो. ३ फुटांच्या दाराला साडेसात सेंटीमीटरची १२ फुलं लागतात; त्यातली सहा ऑक्टोबरात आणि सहा जानेवारीत विणली तर मापात फरक दिसतो. आकडी तीच असली तरी जानेवारीत आधी एक फूल विणून जुन्यावर ठेवून पाहावं. मोठं आलं तर आकडी एक नंबर बारीक घ्यावी. गोल फुलाची वाटी झाली तर वाढ कमी पडली, झालर झाली तर जास्त. पहिल्या फेरीत १२ खांब असतील तर प्रत्येक फेरीत १२ च वाढवायचे. चौकोनी काम वर जाता जाता अरुंद होत असेल तर वळणाच्या साखळीवरचा, म्हणजे ओळ बदलताना घातलेल्या साखळीवरचा, शेवटचा खांब सुटतोय. दर चौथ्या ओळीला मोजलं की तिथल्या तिथे सापडतो.

फेब्रुवारी सरताना हवेत पुन्हा ओल येऊ लागते. काम राहिलं असेल तर गोधडीतून सुई आधी काढावी. पावसाळ्यात ती आतच गंजली तर तो डाग जात नाही. क्रोशाच्या पिशवीत आकडीचा नंबर, दोऱ्याचं लेबल आणि शेवटच्या ओळीतल्या खांबांची संख्या चिठ्ठीवर लिहून टाकावी. चालू फास मोठा ओढून त्याला सेफ्टी पिन, तीही स्टीलचीच.