४८० बाइटांत ३० जीबी

"सर, अपडेट नोका करू, सारं उडून जाईन!" आर्वी-पुलगावकडे अॅप बनवायला शिकणाऱ्या पोरांचं हे ठरलेलं वाक्य. विंडोजच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा नकली संगणक), त्यात उबुंटू (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम), आणि अपडेटची सूचना आली की खिडकी बंद! भीती अगदीच खोटी नाही. अपडेट अर्ध्यावर असताना लाइन गेली आणि बॅटरी थकलेली असली, तर उबुंटू पुन्हा उठेलच असं नाही. पण 'सारं' उडत नाही. उबुंटूची अख्खी डिस्क म्हणजे विंडोजच्या लेखी एक मोठी फाइल. आतलं अपडेट लिहितं ते त्या फाइलीतच.

शिवाय अपडेटआधी स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कच्या त्या क्षणीच्या स्थितीची नोंद, घेतला असेल, तर होतं तिथे परत जाता येतं. ३० जीबीच्या डिस्कचा स्नॅपशॉट बघता बघता होतो. एवढी कॉपी झाली कधी? झालीच नाही!

फॅब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये आणलेला, व्हर्च्युअल मशीन चालवणारा क्यूईएमयू हा प्रोग्राम घ्या. अँड्रॉइडचा एम्युलेटर, म्हणजे लॅपटॉपवर चालणारा नकली फोन, हाही त्याच्यावरच बेतलेला आहे. क्यूईएमयूची क्यूकाउ-टू ही डिस्कची फाइल त्या डिस्कचे ६४ केबीचे तुकडे पाडते. ३० जीबीचे झाले ४,९१,५२० तुकडे. कोणता तुकडा फाइलीत कुठे, याची नोंद ८ बाइटांची. नोंदींचा तक्ताही ६४ केबीचाच, म्हणजे एका तक्त्यात ८,१९२ नोंदी, म्हणजे ५१२ एमबीचा हिशेब. असे ६० तक्ते, आणि त्या तक्त्यांचे पत्ते सांगणारी वरची यादी फक्त ४८० बाइटांची. स्नॅपशॉट घेताना नक्कल होते ती या यादीची. सोबत प्रत्येक तुकड्याची आणि तक्त्याची 'वाटेकरी' संख्या (किती याद्या तो वापरतात) १ वरून २ होते. पुढे उबुंटू एखाद्या तुकड्यावर लिहायला गेलं की संख्या तपासली जाते. ती २ असली, तर तुकडा नव्या जागी उतरवून बदल तिथे होतो, त्याचा तक्ताही नव्याने उतरतो आणि चालू यादी त्याच्याकडे बोट दाखवते. जुनी यादी जुन्याच तुकड्यांकडे. तलाठ्याकडचा फेरफार आठवा: एक वावर विकलं म्हणून अख्ख्या गावाचं दप्तर कोणी नव्याने लिहीत नाही.

दसऱ्याला लॅपटॉपला हळदकुंकू वाहतात. वाहा बापडे, पण कीबोर्डच्या फटी सांभाळा. अर्धवट अपडेट त्याने पुरं होत नाही.

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप मात्र नव्हे. जुनं-नवं एकाच फाइलीत असतं. लॅपटॉपची डिस्क गेली की दोन्ही गेलं. घेताना मशीन बंद ठेवा, नाहीतर रॅमचाही मजकूर साठवला जातो. आणि मागे गेलात की मधल्या काळात लिहिलेला कोडही मागे जातो, म्हणून तो आधी गिटवर, म्हणजे कोड बाहेर जपून ठेवणाऱ्या जागी, ढकला. अपडेटनंतर अॅप नीट बिल्ड झालं की जुना स्नॅपशॉट डिलीट करा. बदललेल्या प्रत्येक तुकड्याच्या दोन-दोन प्रती सांभाळत फाइल फुगत जाते, आणि २५६ जीबीच्या लॅपटॉपला ते झेपत नाही.