लंबगोल साउंडहोलची आर्चटॉप गिटार

जिची तबली, म्हणजे तारांखालची लाकडी पाटी, व्हायोलिनप्रमाणे कोरून फुगीर केलेली असते, त्या गिटारला आर्चटॉप म्हणतात. आज हे नाव घेतले की दोन बाजूंना इंग्रजी ‘एफ’ अक्षरासारख्या फटी असलेली जॅझ गिटारच डोळ्यांपुढे येते. पण या घराण्याची थोरली पाती वेगळी आहे. तिच्या तबलीला मानेच्या बाजूला एकच साउंडहोल, म्हणजे नाद बाहेर पडण्याचे छिद्र असते, गोल किंवा लंबगोल.

या पातीचा मूळ पुरुष ऑर्व्हिल गिब्सन (१८५६–१९१८). अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या कॅलामझू गावी त्याने मँडोलिन आणि गिटारी लाकूड कोरून घडवल्या. कोरीव बांधणीच्या मँडोलिनचे पेटंट त्याला १८९८ मध्ये मिळाले आणि १९०२ मध्ये त्याच्या नावाची कंपनी निघाली. तिची एल-४ ही १६ इंच रुंदीची, लंबगोल साउंडहोलची गिटार १९१० नंतरच्या दशकात बाजारात आली.

हिची बांधणी नीट पाहण्याजोगी आहे. तबली स्प्रूस लाकडाची. मध्यावर जाड, कडेकडे पातळ होत गेलेली. ब्रिज, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती घोडी, चिकटवलेला नसतो, तो तारांच्या दाबानेच जागेवर राहतो; तारा त्याच्यावरून जाऊन बुडाशी असलेल्या टेलपीस नावाच्या पट्टीत अडकतात. सपाट तबलीच्या गिटारवर चिकटवलेल्या ब्रिजला तारा ओढून पिळतात, इथे त्या तबलीला वरून दाबतात. हा दाब कमान पेलते. त्यात साउंडहोल मानेजवळ असल्यामुळे ब्रिजभोवतीचा तबलीचा मोठा भाग अखंड राहतो. ‘एफ’ फटी मात्र ब्रिजच्या दोन्ही अंगांना लाकडाचे तंतू तोडतात, त्यामुळे मधला पट्टा मोकळा होऊन चटकन हलतो. तबलीला आतून आधार देणाऱ्या पट्ट्याही त्यानुसार बदलतात: लंबगोल साउंडहोलच्या खाली सहसा आडवी पट्टी, तर ‘एफ’ फटींच्या गिटारमध्ये दोन उभ्या. एल-४ मध्ये मानेवरचे १२ फ्रेट (धातूचे पडदे) शरीराबाहेर असतात, म्हणून तिचा ब्रिज खालच्या रुंद भागात बराच आत बसतो. मान १४ फ्रेटपर्यंत बाहेर काढली की तो कमरेकडे सरकतो.

परिणाम कानाला लगेच कळतो. लंबगोल साउंडहोलच्या गिटारचा खर्ज गोलसर, स्वर रेंगाळणारा, एकूण रंग गडद. एकट्याने स्वरावली वाजवायला किंवा गायकाच्या साथीला ती फार सुरेख लागते. ‘एफ’ फटींच्या गिटारचा आघात तीक्ष्ण असतो आणि नाद लवकर विझतो. चार मात्रांचे तुटक कॉर्ड (एकत्र छेडलेले स्वर) ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या गर्दीतून वाट काढत ऐकू येतात. बँडमध्ये बँजोची जागा गिटार घेत असताना हाच गुण हवा होता. गिब्सनमध्ये लॉइड लोअर याच्या देखरेखीखाली १९२२ मध्ये ‘एफ’ फटींची एल-५ आली आणि बाजी पलटली. जॅझ गिटारचा पहिला मोठा एकल वादक एडी लँग आधी एल-४ वाजवत असे, पुढे तोही एल-५ कडे वळला. १९३० नंतरच्या दशकात खुद्द एल-४ लाही ‘एफ’ फटी मिळाल्या.

तरीही सारे श्रेय छिद्राच्या आकाराला देणे चूक आहे. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी व्हायोलिनविषयी दाखवले की हवा मुख्यतः छिद्राच्या कडेलगत वाहते, म्हणून तेवढ्याच क्षेत्रफळाची लांब, अरुंद फट जास्त हवा हलवते. आकाराला महत्त्व आहे ते इतके. पण एकटा आकार नाद ठरवत नाही, याचा बोलका पुरावा पॅरिसच्या सेल्मर कंपनीच्या गिटारी (१९३२–१९५२). मूळ आराखडा मारिओ माक्काफेरी याचा. त्यात साउंडहोल मोठे, ‘डी’च्या आकाराचे होते. नंतरच्या नमुन्यात ते लहान, लंबगोल झाले. जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टचा झणझणीत, नाकातला वाटणारा स्वर याच नमुन्याचा. हिची तबली कोरीव नसून पातळ लाकूड वाकवून किंचित बाक दिलेली असते, म्हणून काटेकोरपणे तिला आर्चटॉप म्हणता येत नाही. छिद्र लंबगोलच, नाद मात्र एल-४ च्या अगदी उलट टोकाचा.

विजेची गिटार आल्यावर आवाजाच्या मोठेपणाचा प्रश्न मिटला, पण लंबगोल साउंडहोलला नवी अडचण आली: जॅझ वादकांना पिकअप (तारांचे कंपन विद्युत संकेतात बदलणारा भाग) मानेच्या टोकाशी हवा असतो आणि नेमकी तीच जागा साउंडहोलने अडवलेली असते. असे असूनही १९६४ मध्ये, तेव्हा गिब्सनच्या मालकीच्या असलेल्या एपिफोनने वादक हॉवर्ड रॉबर्ट्स याच्या नावाची लंबगोल साउंडहोलची विजेची जॅझ गिटार काढली. सत्तरच्या दशकात ती गिब्सनच्या नावाने आली. आजच्या कारागिरांत न्यूयॉर्कच्या जॉन माँटेलिओनी यांचे काम आवर्जून पाहावे. त्यांनी लंबगोल साउंडहोलच्या कोरीव गिटारी केल्या आहेतच, शिवाय काही गिटारींच्या कडेलाही छिद्रे ठेवली आहेत, म्हणजे श्रोत्यांकडे जाणारा नाद वादकालाही थेट ऐकू येतो.