रंग बदलणारं गार्नेट आणि गेलेला पिवळा बल्ब

रंग बदलणाऱ्या गार्नेटच्या खरेदीत हल्ली खटके उडतात ते प्रकाशावरून. दुकानात निळसर हिरवा आणि जांभळा असे दोन रंग दाखवणारा खडा घरी आणल्यावर जेमतेम बदलतो. ग्राहक फसवणुकीची तक्रार करतो, विक्रेता रत्नपारख प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र पुढे करतो. पुष्कळदा दोघांचंही म्हणणं खरं असतं.

रंगपालटाची कसोटी मुळात गार्नेटची नव्हेच. 1830 च्या दशकात रशियाच्या उरल पर्वतात अलेक्झांड्राइट सापडलं. दिवसा हिरवं आणि मेणबत्तीच्या उजेडात लालसर, अशी त्याची ओळख झाली आणि पुढच्या प्रत्येक रंग बदलणाऱ्या रत्नाला तोच दाखला लावला गेला. गार्नेट या पंक्तीला फार उशिरा बसलं. टांझानियाच्या उत्तरेकडचं उंबा खोरं 1960 च्या दशकात रत्नांसाठी नावारूपाला आलं, त्यानंतर पूर्व आफ्रिकेतली आणि श्रीलंकेतली रंग बदलणारी गार्नेटं बाजारात दिसू लागली. रसायनाच्या दृष्टीने ती पायरोप आणि स्पेसार्टिन या गार्नेटच्याच दोन प्रकारांचं मिश्रण, त्यात व्हॅनेडियम किंवा क्रोमियमचा अंश. आपल्याकडे राहूसाठी वापरतात तो गोमेदही गार्नेटच, पण दुसऱ्या शाखेतला.

खरी खळबळ उडाली ती 1990 च्या दशकाच्या अखेरीस. मादागास्करच्या दक्षिणेत बेकिली भागात दिवसाउजेडी निळं-हिरवं आणि बल्बखाली जांभळं दिसणारं गार्नेट मिळालं. गार्नेट निळा सोडून सगळ्या रंगांत मिळतं, हे तोवर पाठ केलेलं वाक्य होतं. ते एका खाणीने खोडून काढलं. त्या निळाईची मागणी अजून ओसरलेली नाही, आणि दोन कॅरेटच्या वरचा स्वच्छ खडा आजही विरळाच.

आता प्रकाशाकडे. हा खडा 570 नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे पिवळा भाग शोषून घेतो आणि निळा-हिरवा व लाल असे दोन भाग आरपार जाऊ देतो. दिवसाच्या प्रकाशात निळ्या-हिरव्याचं पारडं जड, तारेच्या पिवळ्या बल्बमध्ये लालाचं. प्रयोगशाळांनी हेच दोन प्रकाश प्रमाण धरले: दिवसाचा साधारण 6500 केल्विनचा, बल्बचा 2856 केल्विनचा (केल्विनचा आकडा जितका कमी, तितका प्रकाश पिवळसर). ज्या काळी घराघरांत साठचा नाहीतर शंभराचा बल्ब होता, त्या काळी यात वावगं काहीच नव्हतं.

पुढे तो बल्बच गेला. युरोपात 2009 पासून टप्प्याटप्प्याने तो बंद झाला. भारतात 2015 पासून सरकारी योजनेतून स्वस्त एलईडी घरोघर पोचले. एलईडीत निळ्याचा ठळक उंचवटा असतो आणि स्वस्त बल्बमध्ये गडद लाल भाग अगदी तोकडा. ‘वॉर्म व्हाइट’ लिहिलेला दिवा डोळ्यांना जुन्या बल्बसारखाच पिवळा वाटतो, पण खड्याला हवा तो लाल त्यात पुरेसा नसतो. त्यामुळे प्रमाणपत्रावरचा जांभळा रंग खरा, आणि दिवाणखान्यात न दिसणारा जांभळाही खराच.

यावर व्यवसायात दोन तट आहेत. एक म्हणतो, जुना बल्बच प्रमाण ठेवा, नाहीतर जुन्या-नव्या प्रमाणपत्रांची तुलनाच होणार नाही. दुसरा म्हणतो, जो प्रकाश कुणाच्या घरी नाही त्यातला रंग सांगून पैसे घेऊ नयेत. मला पहिला पक्ष पटतो, पण एका अटीवर: कोणत्या दिव्याखाली काय दिसलं हे प्रमाणपत्रावर स्पष्ट हवं, आणि एलईडीखालचा रंगही तिथे तिसरा म्हणून नोंदवावा. अंगठी बोटात घालायची असते. ग्राहकाला तिचा रोजचा रंग कळायलाच हवा.

‘कलर चेंज’ (पुरता रंगपालट) आणि ‘कलर शिफ्ट’ (रंगाचं थोडंसं सरकणं) यांतली ओढाताणही इथूनच येते. गुलाबीवरून केशरी गुलाबीकडे सरकणाऱ्या खड्याला कुणी शिफ्ट म्हणतं, कुणी चेंज म्हणून विकतं. गेल्या दशकात टांझानियाच्याच महेंगे भागातून आलेल्या फिकट गुलाबी मालाने ही रेघ आणखी पुसट केली. ‘ऐंशी टक्के बदल’ असं सांगणाऱ्याला टक्के कसे मोजले ते जरूर विचारावं. त्याचं सर्वमान्य माप नाही.

पाहायची रीत सोपी आहे. जुन्या तारेच्या बल्बची छोटी विजेरी सोबत न्यावी. दुपारी खिडकीशी, थेट ऊन टाळून, पांढऱ्या कागदावर खडा ठेवावा आणि एका बाजूने विजेरी लावावी. चांगल्या खड्यात एकाच वेळी एक बाजू निळसर आणि दुसरी जांभळी दिसते. संध्याकाळी पाहू नये, उतरतं ऊन स्वतःच तांबूस असतं. अलेक्झांड्राइट म्हणून वर्षानुवर्षं खपवलं गेलेलं व्हॅनेडियमयुक्त कृत्रिम कोरंडमही (माणिक-नीलम ज्याचे असतात ते खनिज) असाच रंग बदलतं. जाणकार जव्हेरी डायक्रोस्कोप, म्हणजे खड्यातून येणारा प्रकाश दोन भागांत वेगळा करून दाखवणारी छोटी नळी, लावतो: कोरंडममध्ये दोन रंग शेजारी शेजारी दिसतात, गार्नेटमध्ये एकच.

ऑनलाइन घेताना व्हिडिओत खड्याशेजारी कोरा कागद ठेवायला सांगावा. मोबाइलचा कॅमेरा रंगांचा तोल आपोआप सावरतो, त्यात खरा बदल पुसलाही जातो आणि नसलेला दिसूही लागतो. कागदच एका दृश्यात निळसर आणि दुसऱ्यात केशरी पडला असेल, तर तो व्हिडिओ बाजूला ठेवून आधी परतीची मुदत लेखी घ्यावी.